फोनवर विकत घेतलेला गेम टॅबलेटवर चालत नाही. भरपाई मागण्याचा अधिकार आहे का?

कृष्णाकाठ (११ जानेवारी)

नमस्कार. प्रश्न थोडा सविस्तर मांडतो, कारण तपशील गाळला तर उत्तर देणाऱ्याला अडचण होईल.

माझे वडील रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. आगगाडीचे रूळ जोडून गाडी एका स्थानकातून दुसऱ्या स्थानकात न्यायची, असा एक कोड्यांचा गेम त्यांना फार आवडला. पहिली दहा कोडी विनामूल्य होती. पुढची सर्व कोडी खुली करण्यासाठी ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या सुटीत, मी माझ्या अँड्रॉइड फोनवरून ७४९ रुपये भरले. त्यानंतर वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि फोनच्या लहान पडद्यावर रूळांचे सांधे दिसेनात, म्हणून डिसेंबरमध्ये केवळ याच कारणासाठी एक टॅबलेट घेतला. तोच ईमेल पत्ता वापरून स्टोअर उघडले, तर 'तुमचे डिव्हाइस या आवृत्तीशी कंपॅटिबल नाही' असा संदेश आला आणि गेम उतरवण्याची सोयच मिळाली नाही.

मला खटकते ती गोष्ट पुढे आहे. गेमच्या पानावर टॅबलेटवर चालणाऱ्या गेमची मोठी चित्रे आजही आहेत आणि वर्णनात 'फोन व टॅबलेट दोन्हींवर आनंद घ्या' असे वाक्य आहे. गेम बनवणाऱ्या कंपनीला मी ईमेल केला. चार दिवसांनी उत्तर आले की, अटींमध्ये 'कोणत्याही विशिष्ट उपकरणावर गेम चालेल याची हमी नाही' असे कलम आहे आणि मी ते मान्य केलेले आहे, त्यामुळे विषय संपला.

मी प्रत्येक उपकरणावर गेम चालावा असे म्हणत नाही. परंतु टॅबलेटवर चालतो असे सांगून पैसे घेतले असतील, तर अटींमधल्या एका ओळीने ते सांगणे पुसले जाते का? आणि दाद मागायची झाल्यास कोणाकडे मागावी: कंपनीकडे, स्टोअरकडे, की टॅबलेट विकणाऱ्याकडे?

पडद्यामागे (११ जानेवारी)

मी स्वतः मोबाइल गेम बनवण्याच्या व्यवसायात आहे, त्यामुळे आधी तांत्रिक बाजू सांगतो. ती समजल्याशिवाय दोष कोणाचा हे ठरवता येणार नाही.

गेम टॅबलेटवर दिसत नाही याची कारणे साधारणपणे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात निर्णय आपोआप होतो. प्रत्येक अँड्रॉइड अ‍ॅपसोबत एक जाहीरनामा असतो, ज्यात अ‍ॅपला कोणती यंत्रणा अत्यावश्यक आहे हे लिहिलेले असते. एखाद्याने त्यात जायरोस्कोप, म्हणजे उपकरण कसे वळले-झुकले हे ओळखणारा भाग, अत्यावश्यक म्हणून लिहिला, तर जायरोस्कोप नसलेल्या स्वस्त टॅबलेटला स्टोअर तो गेम देतच नाही. फोन करण्याची सुविधा अत्यावश्यक लिहिली, तर सिमकार्ड नसलेले, फक्त वाय-फायवर चालणारे सगळे टॅबलेट बाद होतात. अनेकदा हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. जाहिराती दाखवण्यासाठी कुठून तरी घेतलेल्या तयार कोडच्या संचाबरोबर ती ओळ आत आलेली असते. दुसऱ्या प्रकारात निर्णय माणसाने घेतलेला असतो. गुगल प्लेमध्ये विकसकाला उपकरणांची सूची मिळते आणि रॅम किती, चिप कोणती, मॉडेल कोणते, यानुसार तो उपकरणे वगळू शकतो.

वगळण्यामागे पुष्कळदा प्रामाणिक कारण असते, हे आमच्या बाजूने सांगायला हवे. त्रिमितीय चित्रणाचे काम चिपमधला ग्राफिक्सचा भाग करतो. अँड्रॉइडच्या जगात अ‍ॅड्रेनो, माली, पॉवरव्हीआर अशी त्याची वेगवेगळी घराणी आहेत आणि एकावर नीट दिसणारी सावली दुसऱ्यावर काळ्या डागासारखी उमटते. टॅबलेटचा पडदा मोठा असला, तरी कमी किमतीच्या टॅबलेटमधली चिप बहुधा त्याच किमतीच्या फोनपेक्षा जुनी असते, हे ग्राहकांना फारसे माहीत नसते. त्यातच फोनचा पडदा २०:९ असा लांबट, टॅबलेटचा १६:१० किंवा ४:३, त्यामुळे बटणे भलत्या जागी जातात. ज्या उपकरणावर गेम दर दहा मिनिटांनी बंद पडतो, त्यावर तो विकण्यापेक्षा न विकणे अधिक सचोटीचे आहे.

असे असले तरी, आपल्या बाबतीत मी कंपनीची बाजू घेणार नाही. टॅबलेटची चित्रे पानावर टाकणे ही जाणीवपूर्वक केलेली कृती असते. ती चित्रे वेगळी तयार करून वेगळ्या रकान्यात चढवावी लागतात. मोठ्या पडद्यासाठी चित्रे चढवायची आणि मोठा पडदा वगळायचा, ही एकाच कंपनीच्या दोन हातांमधली विसंगती आहे. तिचा भुर्दंड ग्राहकाने सोसण्याचे कारण नाही.

पुढे जाण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. टॅबलेटवरील प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' या भागात उपकरण गुगलकडून प्रमाणित आहे की नाही हे दिसते. ते प्रमाणित नसेल, तर प्रश्न टॅबलेट विकणाऱ्याकडे न्यावा लागेल. दुसरे असे की संगणकावर त्याच ईमेलने प्रवेश करून गेमचे पान उघडा. आपली कोणती उपकरणे चालतात आणि कोणती नाहीत, ते तिथे दिसते. खरेदीपूर्वी ही खात्री करता येते, ही गोष्ट इतर वाचकांनीही ध्यानात ठेवावी.

सह्याद्रीवारा (१२ जानेवारी)

सातशे एकोणपन्नास रुपयांसाठी ग्राहक आयोगाकडे जाणे व्यवहार्य आहे का, असा मला प्रामाणिक प्रश्न पडतो. कंपनी परदेशी असेल तर नोटीस बजावण्यातच महिने जातील. स्टोअरकडे परतावा मागून विषय संपवणे बरे नाही का?

कलम आणि कागद (१२ जानेवारी)

मी जिल्हा ग्राहक आयोगासमोर वकिली करते. मूळ प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि सह्याद्रीवारा यांची शंका नंतर घेते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील 'ग्राहक' या व्याख्येत ऑनलाइन व्यवहार स्पष्टपणे येतो. अट एवढीच की मोबदला दिलेला असावा. पूर्णपणे विनामूल्य सेवा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. त्यामुळे पहिल्या दहा विनामूल्य कोड्यांबद्दल आपल्याला तक्रार करता आली नसती, परंतु ७४९ रुपये दिल्यानंतर आपण ग्राहक झालात. गेम ही वस्तू की सेवा, यावर वाद घालता येतो आणि समोरचा वकील तो घालेलही, परंतु त्याने फार बिघडत नाही. वस्तू म्हटले तर दोष, सेवा म्हटले तर त्रुटी, आणि दोन्ही बाबतीत पानावरचे खोटे वर्णन ही अनुचित व्यापारी प्रथा.

आपला खरा आधार ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० हा आहे. हे नियम डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत आणि भारतात स्थापन न झालेली परंतु भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणारी कंपनीही त्यांच्या कक्षेत येते. स्टोअरसारख्या बाजारपेठेतून विक्री करणाऱ्याची कर्तव्ये नियम ६ मध्ये दिली आहेत. वस्तू किंवा सेवा सदोष असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही, असे तिथे म्हटले आहे. 'जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये' हे शब्द आपल्या प्रकरणाचा गाभा आहेत. आपली मागणी 'गेम सगळीकडे चालला पाहिजे' अशी ठेवलीत तर हराल. 'टॅबलेटवर चालेल असे मला विकताना सांगितले होते' अशी ठेवलीत तर भक्कम जमिनीवर उभे राहाल.

अटींमधल्या हमी नाकारणाऱ्या कलमाबद्दल एक सावधगिरी. ते कलम अन्यायकारक करार म्हणून रद्द करा, अशी मागणी जिल्हा आयोगापुढे करू नका, कारण २०१९ च्या कायद्यानुसार अन्यायकारक कराराची तक्रार राज्य आयोगापासून सुरू होते. तसे करण्याची आपल्याला गरजही नाही. खरेदीच्या वेळी ठळक चित्रांनी दिलेले आश्वासन अटींच्या तळाशी लपलेल्या एका ओळीने मागे घेणे हीच दिशाभूल आहे, एवढे मांडणे पुरेसे आहे. अटींमध्ये परदेशातील लवादाचे कलम असले तरी घाबरू नये. लवादाचे कलम असूनही ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात कायम केले आहे.

आता व्यवहार्यतेचा मुद्दा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही. आपण जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वकील नेमणे बंधनकारक नाही, अर्ज करून दूरदृश्य प्रणालीने सुनावणी मागता येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. परदेशी कंपनीवर नोटीस बजावण्यास विलंब होतो, हे सह्याद्रीवारा यांचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच आयोग ही शेवटची पायरी समजावी. त्याआधी विक्रेत्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. ग्राहकसेवेच्या साध्या ईमेलला आलेले उत्तर म्हणजे निवारण नव्हे.

स्टोअरच्या परताव्याबद्दल बोलायचे तर, गुगल प्लेकडे थेट परतावा मागण्याची सर्वसाधारण मुदत खरेदीपासून ४८ तासांची आहे आणि त्यानंतर ते विकसकाकडे जाण्यास सांगतात. आपली खरेदी ऑक्टोबरमधली आहे, म्हणून तो मार्ग जवळजवळ संपला आहे. मात्र तक्रारीची प्रत स्टोअरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवावी. आणि बँकेकडून व्यवहार उलटवून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घाईने मानू नका. त्यातून आपले खातेच अडचणीत येऊ शकते, आणि त्या खात्यावर आपल्या इतर खरेदीही असतील.

पावती जपा (१२ जानेवारी)

मी गेली अनेक वर्षे ग्राहक चळवळीत स्वयंसेवक म्हणून काम करतो. वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त पुराव्याबद्दल लिहितो, कारण माझ्या अनुभवात बरोबर असलेली माणसे पुराव्याअभावी हरतात.

आज रात्रीच गेमच्या पानाची छायाचित्रे काढून ठेवा. टॅबलेटची चित्रे, ते 'दोन्हींवर आनंद घ्या' हे वाक्य, पानाचा पत्ता आणि तारीख-वेळ एकाच चौकटीत दिसली पाहिजेत. टॅबलेटवर येणाऱ्या संदेशाचेही छायाचित्र घ्या आणि शक्य असल्यास दुसऱ्या फोनने छोटी चित्रफीत काढा, ज्यात टॅबलेटचे मॉडेल, आपला ईमेल आणि तो संदेश सलग दिसेल. कंपनीला तक्रार पोहोचली की पान बदलले जाते, आणि मग आपल्या हाती काही उरत नाही. खरेदीची पावती ईमेलमध्ये असेल. गुगल प्लेच्या पावतीवरचा ऑर्डर क्रमांक इंग्रजी 'जीपीए' या अक्षरांनी सुरू होतो, तो तक्रारीत लिहा. टॅबलेटचे बिलही जोडा, कारण तो कशासाठी घेतला हे सांगताना तारखांचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन निवाडा देत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते. परंतु तिथे मिळणारा नोंदणी क्रमांक पुढे उपयोगी पडतो. आयोगातील तक्रार आता ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते.

आइंडहोवनकर (१३ जानेवारी)

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथली स्थिती थोडक्यात सांगतो, कारण तुलनेतून मागणी नेमकी करायला मदत होईल.

युरोपीय संघाचा डिजिटल आशयाविषयीचा २०१९ चा निर्देश १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात कंपॅटिबिलिटी हा शब्दच व्याख्येसह आहे: ठरल्याप्रमाणे किंवा सामान्य अपेक्षेप्रमाणे आशय त्या उपकरणांवर चालला पाहिजे, आणि न चालल्यास आधी दुरुस्ती, ती न झाल्यास किंमत कमी करणे किंवा करार संपवून पैसे परत, असा क्रम आहे. भारतातील कायद्यात हा शब्द नाही, तिथे सर्वसाधारण तरतुदींवर काम भागवावे लागते. मला वाटते आपल्याकडेही ही व्याख्या यावी. अँड्रॉइड १४ ने फार जुन्या पद्धतीची अ‍ॅप बसवून घेणेच थांबवले. त्याआधी, २०१७ मध्ये, आयफोनची आयओएस ११ ही प्रणाली आली तेव्हा ३२ बिट या जुन्या पद्धतीचे सारे गेम एका अपडेटमध्ये बंद पडले आणि त्यांत लोकांनी पैसे देऊन घेतलेले गेमही होते. असे पुढेही होत राहील.

कृष्णाकाठ, एक गोष्ट आधी ठरवा: आपल्याला पैसे परत हवेत की गेम टॅबलेटवर हवा? दोन्ही मागण्यांचे परिणाम वेगळे आहेत.

कृष्णाकाठ (१३ जानेवारी)

सर्वांचे मनापासून आभार. टॅबलेट प्रमाणित आहे, तशी नोंद सेटिंगमध्ये दिसते. संगणकावरून पाहिले तर फोनसमोर 'चालते' आणि टॅबलेटसमोर 'चालत नाही' असे आहे. पानाची छायाचित्रे काल रात्रीच घेतली. आज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवली, प्रत स्टोअरच्या अधिकाऱ्याला दिली आणि १९१५ वर नोंद केली.

आइंडहोवनकर यांच्या प्रश्नावर मी वडिलांशी बोललो. ते सध्या त्रेचाळिसाव्या स्थानकावर आहेत आणि पैसे परत घेतले तर फोनवरची पूर्ण आवृत्तीही जाईल, हे त्यांना मान्य नाही. म्हणून तक्रारीत मी अशी मागणी केली आहे की, कंपनीने वाजवी मुदतीत टॅबलेटसाठी गेम उपलब्ध करावा. ते शक्य नसल्यास फोनवरील हक्क कायम ठेवून भरपाई द्यावी. आणि कोणत्याही परिस्थितीत पानावरील टॅबलेटचा उल्लेख काढावा. अशी मागणी कायद्यात बसते का?

कलम आणि कागद (१४ जानेवारी)

बसते. आयोगाला केवळ परताव्याचाच आदेश देता येतो असे नाही. सेवेतील त्रुटी दूर करणे, नुकसानभरपाई देणे, अनुचित प्रथा बंद करणे आणि चुकीच्या जाहिरातीबद्दल दुरुस्तीची जाहिरात देणे, असे आदेशही त्याला देता येतात. भरपाईची रक्कम वाजवी ठेवा. टॅबलेटची पूर्ण किंमत मागू नका. तो टॅबलेट इतर कामांसाठी वापरता येतो, असे उत्तर लगेच येईल आणि त्यात तथ्य आहे. पानावरच्या उल्लेखाची मागणी मात्र सोडू नका. ती आपल्यासारख्या इतर खरेदीदारांच्या हिताची आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची दखल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही स्वतंत्रपणे घेता येते.

आणखी एक. २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला, त्याचा आधार काहीजण अशा तक्रारींत देऊ लागले आहेत. त्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. आपल्या तक्रारीत त्याचा उल्लेखही करू नये.

पडद्यामागे (१४ जानेवारी)

तक्रारीला पुरवणी म्हणून कंपनीला एक तांत्रिक प्रश्न लेखी विचारा: हे मॉडेल रॅम किंवा चिपमुळे वगळले आहे, की जाहीरनाम्यातील एखाद्या अत्यावश्यक यंत्रणेमुळे? दुसरे कारण असेल तर ती ओळ बदलून नवी आवृत्ती चढवणे हे फार थोड्या वेळाचे काम असते, आणि 'शक्य नाही' हे उत्तर त्यांना देता येणार नाही. पहिले कारण असेल तर किमान किती रॅम लागते, हे त्यांनी पानावर लिहायला हवे होते.

कृष्णाकाठ (१० फेब्रुवारी)

कळवण्यास उशीर झाला. तक्रारीची पोच दुसऱ्याच दिवशी आली, म्हणजे ४८ तासांचा नियम पाळला गेला. तांत्रिक प्रश्नाचे उत्तर गेल्या आठवड्यात मिळाले: गेमच्या मागच्या एका आवृत्तीत जाहिरातींचा नवा संच जोडला गेला आणि त्याच्यासोबत जायरोस्कोप अत्यावश्यक असल्याची नोंद आली. गेमला त्याची गरजच नाही. पडद्यामागे यांनी पहिल्याच दिवशी जे लिहिले होते, नेमके तेच. 'पुढील आवृत्तीत विचार करू' असे कंपनीचे म्हणणे आहे, परंतु तारीख दिलेली नाही. मधल्या काळात ७४९ रुपयांच्या परताव्याचा प्रस्ताव आला होता. फोनवरील आवृत्ती जाणार असल्यामुळे मी तो लेखी नाकारला आणि नकाराचे कारणही लिहिले.

पानावरचे 'फोन व टॅबलेट दोन्हींवर' हे वाक्य आता काढले आहे. टॅबलेटची चित्रे मात्र तशीच आहेत. आज सकाळी पुन्हा छायाचित्रे घेतली. तक्रारीचा आज अठ्ठाविसावा दिवस आहे. १३ तारखेला महिना पूर्ण होईल. तोवर नव्या आवृत्तीची तारीख कळली नाही, तर १४ ला ई-जागृतीवर तक्रार दाखल करतो. मसुदा तयार आहे. कलम आणि कागद यांना वेळ असेल तर, नावे वगळून, इथेच ठेवतो.